शोकाचे चरण

क्रौंचवधाची कथा भारतीय काव्यविचारात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातील एक अर्धा भाग सहसा दुर्लक्षित राहतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शोकाचा श्लोक झाला, एवढे सर्वांच्या ध्यानात राहिले. परंतु आपल्या मुखातून जे निघाले ते काय आहे, याचा विचार करताना वाल्मीकी त्याच्या अर्थाविषयी बोलत नाहीत. ते पादबद्ध आहे, अक्षरांनी सम आहे, तारेवर आणि लयीवर चालणारे आहे, एवढेच ते शिष्यापाशी नोंदवितात. म्हणजे शोकाचे काव्य होताना त्याला प्रथम जे लाभले ते पाय होत. संस्कृतात ‘पाद’, मराठीत ‘पद’ आणि ‘चरण’ हे शब्द कवितेच्या ओळीलाही लागतात आणि मनुष्याच्या पावलालाही लागतात. भाषेची ही सोय केवळ योगायोगाची मानणे कठीण आहे.

दुःखाचे काव्य आणि देहाची हालचाल यांचा मेळ घालणारे प्रयोग आज भारतातील मोठ्या शहरांतून होत असतात, व तो मेळ म्हणजे अलीकडची, बहुधा पश्चिमेकडून आलेली, कल्पना आहे असा एक समज त्यांच्या पाठीशी आढळतो. हा समज मराठी आणि कन्नड रंगभूमींच्या सामाईक इतिहासापुढे टिकत नाही. त्या इतिहासात काव्य आणि पदन्यास एकत्र होते, मग ते विलग झाले, आणि पुढे पुन्हा एकत्र येऊ लागले. या तीन अवस्थांचा मागोवा घेतला असता बेंगळूरच्या जे. पी. नगर या वसाहतीतील एका नाट्यगृहापाशी येऊन थांबावे लागते, कारण ते नाट्यगृहच एका शोकातून उभे राहिले आहे.

१

प्रारंभ शास्त्रापासून करणे इष्ट. करुणाचा स्थायी भाव शोक, हे भरताने सांगितले. करुणाचा उगम त्याने रौद्रात पाहिला, हेही प्रसिद्ध आहे. क्रौर्याचा आघात होतो, आणि त्या आघाताच्या पलीकडच्या बाजूस करुण उभा असतो, अशी ही मांडणी आहे. परंतु प्रस्तुत विषयाला अधिक उपयोगी पडणारा भाग नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात आहे. तेथे ऋषी विचारतात की अभिनय अर्थासाठी योजिला हे समजले. पण ज्याचा गीताच्या अर्थाशी संबंध नाही असे नृत्त कशासाठी? भरताचे उत्तर मोठे प्रामाणिक आहे. नृत्ताला अर्थाची अपेक्षा नाही; ते शोभा निर्माण करते म्हणून प्रवृत्त झाले.

या उत्तरातून एक अडचण उत्पन्न होते. शोकाला शोभा कशी चालावी? ज्याचे घर उजाड झाले त्याच्या पावलांनी ठेका धरावा, यात एक प्रकारचे अनौचित्य नाही काय? करुणाच्या प्रयोगाविषयी पुढे जे जे मतभेद झाले त्यांच्या मुळाशी ही शंका आहे. भवभूतीने तिचे एक उत्तर दिले. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात वाल्मीकी अप्सरांकरवी सीतेच्या त्यागानंतरची कथा रामासमोर करून दाखवितो. त्यागानंतर सीतेचे काय झाले हे रामाला माहीत नसते. पण त्या कथेचा कर्ता तोच आहे. तरीही बारा वर्षे मनात कोंडलेले दुःख दुसऱ्यांच्या देहातून समोर चालू-बोलू लागते, तेव्हाच तो कोसळतो, आणि त्या कोसळण्यानंतरच पुनर्भेट शक्य होते. शोक केवळ आठवून फिटत नाही. तो कोणीतरी करून दाखवावा लागतो, असे भवभूतीचे म्हणणे दिसते.

२

दक्षिणेतील मराठीला या मेळाची ओळख फार पूर्वी झाली. शहाजीराजे १६३८च्या सुमारास बेंगळूरला स्थिर झाले आणि त्यांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी जमले. जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ त्या दरबाराची साक्ष आहे, वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली तो विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केल्यावर बेंगळूरचे हे बहुभाषी रूप महाराष्ट्राला कळले. १६६४च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. होदिगेरे आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे, आणि राजांची समाधी तेथेच आहे. या जिल्ह्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

शहाजीराजांचा वंश तंजावरला गेला आणि तेथे मराठी भाषेने नृत्याशी प्रत्यक्ष सोयरीक केली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नावे असलेली ‘कोरव्याचे साहित्याचे जिन्नस’ ही रचना म्हणजे नृत्यप्रयोगाच्या क्रमाने बांधलेली मराठी पदे होत. ज्या प्रयोगपद्धतीला आज भरतनाट्यम् म्हणतात तिच्या घडणीच्या काळात मराठी पदे तेथील नर्तकींच्या पावलांखाली होती, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात जितक्या ठळकपणे यावयास हवी होती तितकी आलेली नाही. त्याचे कारण उघड आहे. ही पदे वाचून विशेष काही हाती लागत नाही. ती नाचून पाहावयाची असतात. वाचनाने काव्याची परीक्षा करण्याची सवय जडलेल्या टीकेने त्यांना दुय्यम ठरविले, तर नवल नाही.

३

मराठी रंगभूमीच्या जन्मकथेतही हाच प्रश्न दडलेला आहे. उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींनी १८४२ साली सांगलीस खेळ केले. ते पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तशा प्रकारचे नाटक मराठीत करण्यास विष्णुदास भावे यांना सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. कर्की हे गाव होन्नावरजवळचे. तेथील यक्षगानाची रचना अशी, की भागवत पद्य गातो, मद्दळे आणि चंडे वाजतात, आणि वेष धारण केलेला नट त्या पद्याचा अर्थ प्रथम पावलांनी व मग तात्काळ सुचलेल्या गद्याने मांडतो. तेच दुःख एकदा कानांनी ऐकावे, एकदा डोळ्यांनी पाहावे आणि शेवटी रोजच्या बोलीत उतरलेले समजून घ्यावे, असा हा तिहेरी क्रम आहे. अभिमन्यूच्या वधाचा प्रसंग यक्षगानात प्रहरभर चालला तरी प्रेक्षक कंटाळत नाही, याचे रहस्य या क्रमात आहे. पद्याने शोक ओढून नेला की नृत्त त्याला थोपविते. नृत्त दमले की वाणी पुढे येते.

भाव्यांनी यांपैकी पहिले आणि तिसरे अंग पुष्कळसे तसेच ठेवले. सूत्रधार पद्य म्हणे, पात्रे स्वयंस्फूर्त भाषणे करीत. मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई आणि राक्षस आरोळ्या ठोकत तलवारी परजीत. परंतु नृत्याचे मधले अंग एवढ्यापुरतेच उरले. मंगलाचरण आणि राक्षसांचा धिंगाणा हे त्याचे दोन प्रांत झाले. सीतेच्या किंवा तारामतीच्या दुःखाला नृत्य राहिले नाही. अद्भुत आणि रौद्र यांनी हालचाल घेतली, करुणाच्या वाट्याला स्थिर उभे राहणे आले. मराठी रंगभूमीच्या पुढील शंभर वर्षांची दिशा या लहानशा वाटणीने ठरविली, असे म्हणावयास हरकत नाही.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने सूत्रधाराचे पद्य पात्रांच्या मुखी दिले. हा मोठा विकास होता, यात शंका नाही. शोक आता दुसऱ्याने वर्णन करावयाचा उरला नाही. ज्याचा त्याने गावयाचा झाला. परंतु गायक-नट गाण्यासाठी थांबला की नाटकही थांबे. देहाचा सारा व्यापार कंठात गोळा होई. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त बालगंधर्वांनी उभी केलेली सिंधू हा या परंपरेचा कळस होय. १९१९च्या जानेवारीत गडकरी निवर्तले आणि त्यानंतर महिन्याभरात हे नाटक रंगभूमीवर आले. त्यांनी स्वतः ते पाहिले नाही. सिंधूच्या दुःखाने महाराष्ट्राला रडविले, पण तिच्या हालचाली कोणी सांगत नाही. सांगतात ते तिचा स्वर.

बालगंधर्वांच्याच आयुष्यातील एक प्रसंग येथे विचारात घ्यावा लागतो. १९११ साली ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान कन्या वारली, आणि तरीही त्यांनी तो प्रयोग केला. धैर्याचे उदाहरण म्हणून ही हकीकत सांगितली जाते, व ते योग्यच आहे. परंतु टीकाकाराने एक भेद केला पाहिजे. त्या रात्री शोक पडद्यामागे ठेवून कला चालू राहिली. नटाने दुःख सोसले. कलेने ते सोसले नाही, कारण तिला त्याची वार्ताच नव्हती. धीराची ही एक तऱ्हा. शोकालाच रंगभूमीवर जागा देऊन, त्याला शब्द आणि पाऊल देऊन धीर धरावयाचा, ही दुसरी तऱ्हा. तिच्यासाठी मराठी रंगभूमीला नाट्यगृहाबाहेर पाहावे लागले.

४

नाट्यगृहाबाहेर काव्य आणि पदन्यास यांची ताटातूट कधी झालीच नव्हती. आळंदीस दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांच्या समाधीचा सोहळा होतो. शके १२१८, म्हणजे १२९६ साली, घडलेल्या त्या वियोगाचे नामदेवांच्या नावावर असलेले अभंग तेव्हा कीर्तनात म्हटले जातात. वारकरी कीर्तनात एकटा कीर्तनकार बोलत नाही. त्याच्या मागे टाळकरी उभे असतात, त्यांच्या पावल्या पडत असतात, मृदंग चालू असतो. समाधीच्या क्षणाचे वर्णन आले की श्रोत्यांना गहिवरून येते, आणि त्याच वेळी टाळ सुरू असतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा शोक प्रतिवर्षी नवा होतो आणि प्रतिवर्षी सोसला जातो. ठेका येथे शोभेसाठी नाही. एकट्याला न पेलणारे दुःख अनेकांच्या पायांवर वाटून देण्याची ती व्यवस्था आहे. ऋषींनी भरताला विचारलेल्या प्रश्नाचे, शास्त्रात न सापडणारे, एक उत्तर असे आळंदीच्या वाळवंटात मिळते.

स्त्रियांनी ही व्यवस्था आपल्यापरीने केली. भोंडल्यात किंवा हादग्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून मुली गातात त्यातील कितीतरी गाणी सासुरवासाची आहेत. फेर मात्र आनंदाचा. कर्नाटकाच्या उत्तर भागात भाद्रपदात जोकुमाराची मातीची मूर्ती टोपलीत घेऊन स्त्रिया घरोघर गात जातात; सात दिवसांचे त्याचे आयुष्य संपले की त्याचा अंत होतो, आणि त्याच्या मरणाने पाऊस येतो अशी श्रद्धा आहे. हादग्याचाही संबंध हस्त नक्षत्राशी व पावसाशी जोडला जातो. दोन्हीकडे गाणे दुःखाचे, चाल सुखाची, आणि फळ भूमीचे आहे.

स्वातंत्र्योत्तर रंगभूमीने ही सामग्री जाणीवपूर्वक हाती घेतली ती विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात. गिरीश कर्नाडांचे बालपण शिरसीत, नाटकमंडळ्या आणि यक्षगान या दोहोंच्या सहवासात गेले होते. त्यांचे ‘हयवदन’ १९७१चे; चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणले आणि विजया मेहतांनी ते बसविले. त्या नाटकाच्या शेवटी एक मूल आहे. आईबापांचा अंत झालेला, हातात बाहुल्या घट्ट धरलेला, न बोलणारा, न हसणारा मुलगा. कोणाच्याही उपदेशाने त्याचे ओठ उघडत नाहीत. माणसाच्या आवाजात बोलणारा एक घोडा त्याला दिसतो, आणि तो हसतो. मग आईचे गाणे म्हणतो. दुःखाने मुका झालेला देह प्रथम हसण्याने हलतो आणि नंतर त्याला कविता सुचते, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. वाल्मीकीच्या कथेत श्लोक आधी येतो; कर्नाडांच्या नाटकात देह आधी जागा होतो.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाणा’ने (१९७४) हाच प्रश्न उलट्या बाजूने धरला. चाळीतला भाऊराव मरतो आणि आपल्या मरणाचे कीर्तन स्वतःच करतो. जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे हा त्याचा हट्ट. ते स्मशान तर बंद होत आलेले. अभंगाची चाल, कीर्तनकाराचे पुढेमागे होणे, चाळकऱ्यांचा समूह, यांतून शोकाचे सगळे विधी समोर येतात आणि हास्यास्पद होतात. काही टीकाकारांनी याला शोकाची चेष्टा मानले. वस्तुतः चेष्टा आहे ती पोकळ झालेल्या पावलांची. आळंदीत जो ठेका दुःख वाटून घेतो तोच चाळीत केवळ उरकण्यासाठी वाजू लागला, तर मेलेला माणूस जाऊ शकत नाही, असे आळेकरांनी दाखविले. काव्य आणि हालचाल एकत्र आली म्हणजे शोकाला न्याय मिळालाच असे नाही, हा इशारा त्यात आहे. आजच्या प्रयोगकारांना तो विशेष उपयोगी पडावा.

५

कर्कीच्या मंडळींनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच होन्नावर तालुक्यातून एक तरुण मुंबईस आला. शंकर नाग (जन्म १९५४) यांची नाट्यदृष्टी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडली. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. मुंबईतच मराठी, गुजराती आणि हिंदी नाटकांतून काम करणाऱ्या अरुंधती राव यांची त्यांच्याशी भेट झाली. १९७८च्या ‘ओंदानोंदु कालदल्लि’ या कर्नाडांच्या चित्रपटामुळे शंकर नाग कन्नडकडे परतले. बेंगळूरला या उभयतांनी सहकाऱ्यांसह ‘संकेत’ ही नाट्यसंस्था चालविली. जयवंत दळवींची ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ ही दोन्ही नाटके या संस्थेने कन्नडमध्ये केली, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. एका नाटकात गोठविलेले वैधव्य आणि घराण्यातील वेडाची छाया, दुसऱ्यात मुले दूर गेलेल्या वृद्ध दांपत्याचे एकाकीपण. दोन्हींतील शोक चार भिंतींच्या आत बसून गद्यात बोलतो. यक्षगानाच्या भूमीतला माणूस मराठीतून हे बंदिस्त, निश्चल दुःख कन्नडमध्ये नेतो, आणि त्याच संस्थेतर्फे, जिथे कथा स्त्री होऊन व गाणे साडी होऊन येते असे कर्नाडांचे ‘नागमंडल’ही करतो. या दोन टोकांमधला प्रवास पुरा व्हावयाचा होता.

तो झाला नाही. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ अनगोडु येथे मोटार अपघातात शंकर नाग यांचा मृत्यू झाला. वय पस्तीस. चंद्रशेखर कंबारांच्या ‘जोकुमारस्वामी’वरील चित्रपटाच्या कामासाठी ते निघाले होते. ज्या जिल्ह्यात बेंगळूरच्या पहिल्या मराठी आश्रयदात्याची समाधी आहे, त्याच जिल्ह्यात, अल्पायुषी जोकुमाराच्या वाटेवर हा अंत व्हावा, यावर भाष्य करण्याचा मोह टीकाकाराने आवरलेला बरा. इतिहास अशा जुळण्या ठेवून जातो. त्यांचा अर्थ सांगत नाही.

बेंगळूरला स्वतःचे, नाटकासाठीच असलेले नाट्यगृह हवे, ही शंकर नागांची इच्छा होती. अरुंधती नाग आणि संकेत ट्रस्ट यांनी ती पुरी करण्यास चौदा वर्षे घेतली. ऑक्टोबर २००४मध्ये जे. पी. नगरमध्ये ‘रंगशंकर’ उघडले. शारुख मिस्त्री यांनी त्याची रचना केली. आसने सुमारे तीनशे वीस. नाव शंकराचे, पण त्या नावाचा पुतळा उभारलेला नाही. नाटक रोज व्हावे, तिकीट परवडावे आणि घंटेनंतर कोणालाही आत घेऊ नये, हे तेथील नियम.

या नियमांकडे केवळ व्यवस्थापन म्हणून पाहणे अपुरे होईल. शोकाचे स्मारक दगडाचे करता येते, आणि ते एकदा बांधले की संपते. रोज नव्याने करावे लागणारे स्मारक निवडणे, हा आळंदीच्या परंपरेतला निर्णय आहे. तेथेही वियोग एकदाच झाला, कीर्तन दरवर्षी होते. धीर म्हणजे दुःख ओसरणे, अशी सामान्य समजूत असते. रंगशंकरच्या इतिहासावरून धीराची व्याख्या वेगळी करावी लागेल: दुःखाला एक वेळ आणि एक जागा नेमून देणे, आणि ती वेळ न चुकविणे.

२००५ साली याच रंगमंचावर कर्नाडांचे ‘ओडकलु बिंब’ आले. पुढे हिंदीत ‘बिखरे बिंब’ झाले. त्यात अरुंधती नाग एकट्या उभ्या राहिल्या. मृत बहिणीचे हस्तलिखित आपल्या नावावर खपविलेली एक लेखिका दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील आपल्याच प्रतिमेशी बोलते, असा त्याचा विषय. इंग्रजी रूपाचे नाव एलियटच्या दीर्घकाव्यातून घेतलेले. येथे नृत्य नाही, पद्य नाही. तरीही काव्य आणि देह यांचा संबंध या प्रयोगात आहे, व तो मोठा कठोर आहे. बहिणीने रचलेले शब्द हिच्याकडे आहेत, ते ज्या देहातून निघाले तो देह नाही. आणि पडद्यावरचा देह हिचाच, पण त्याची हालचाल हिच्या ताब्यात नाही. शब्द आणि पाऊल यांची फारकत झाली म्हणजे शोकाचा अपराधभाव कसा होतो, हे दाखविणारे हे नाटक भाव्यांच्या काळात पडलेल्या वाटणीवरचे आधुनिक भाष्य म्हणूनही वाचता येते.

६

या इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की करुणाच्या प्रयोगात काव्य आणि पदन्यास यांचे साहचर्य ही येथे नवी आयात नाही. उलट त्यांची फारकत हाच एकोणिसाव्या शतकातील अपवाद होता. दुसरा असा की हे साहचर्य स्वतः गुण नव्हे. कवितेचा प्रत्येक शब्द हातवाऱ्याने पुन्हा सांगणारे जे प्रयोग आज दिसतात, त्यांत पाऊल शब्दाचे ओझे वाहते, त्याला साथ देत नाही. यक्षगानात नट पद्याचा अर्थ रंगवितो तेव्हाही नृत्त स्वतःच्या हिशेबाने चालते, आणि शोकाला मधूनमधून त्या हिशेबात विसावा मिळतो. तो विसावा नसेल तर प्रेक्षकाला केवळ दुप्पट दुःख दाखविले जाते.

तिसरा निष्कर्ष टीकेसंबंधी आहे. तंजावरची मराठी पदे, समाधीचे अभंग, भोंडल्याची गाणी यांची वाङ्मयीन किंमत कागदावर ठरवून मराठी समीक्षेने त्यांना आपापल्या कप्प्यांत ठेवले, आणि त्यांना एकत्र आणणारा जो देह, त्याचा विचार नृत्याच्या व लोकसाहित्याच्या अभ्यासकांवर सोपविला. अनुवादाच्या क्षेत्रात तर ही उणीव फारच जाणवते. ‘हयवदन’ मराठीत आले तेव्हा शब्दांबरोबर चालही आणावी लागली. ती आणली म्हणूनच ते नाटक मराठी झाले. ज्या कवितेला पाय आहेत तिचे भाषांतर करणाऱ्याने ती चालते कशी, हे आधी पाहिले पाहिजे.

१८४२ साली होन्नावरच्या बाजूने सांगलीस जे आले त्यातील एक अंग मराठीने त्या वेळी घेतले नव्हते. जे. पी. नगरमध्ये संध्याकाळी घंटा होते आणि दार बंद होते, तेव्हा आत कोणत्या भाषेचे नाटक आहे हे रोज बदलते. मराठीही कधी असते. न घेतलेले ते अंग परत मागण्यास याहून योग्य उंबरठा दुसरा मिळणे कठीण.